चावून खायची गोळी

छातीत कळ येऊन घामानं निथळलेले अंकुशराव मुडबीच्या दवाखान्यातल्या खाटेवरही सोड्याची बाटली खाली ठेवायला तयार नव्हते. “गॅस हाय,” ते गुरगुरले. बौद्ध वस्तीतल्या नर्स अंजूनं ईसीजी काढून गुलबर्ग्याच्या डॉक्टरांना मोबाईलवर पाठवला. उत्तर येताच म्हणाली, “हार्ट ॲटॅक हाय, अप्पा. गाडी निघालीय. तोवर ही गोळी घ्या.” अंकुशरावांनी तिच्या टेबलावरच्या तांब्याकडं पाहून तोंड फिरवलं. “तुझ्या हातचं पाणी आमच्यात चालत न्हाई, पोरी.” अंजू हसली. “पाणी कोण द्यायलंय तुम्हाला? ही चावून खायची असती.” कळ पुन्हा उसळली, तसे अंकुशराव मुकाट्यानं गोळी चावू लागले. गाडी दारात येईपर्यंत त्यांच्या कोरड्या तोंडात गोळीचा भुगा चिकटला. “पाणी दे गं,” ते पुटपुटले. अंजूनं त्यांच्या नाडीवरचा हात काढला नाही. “तुमचा सोडा उरलाय की, अप्पा.”