दीडशे वर्षांचा विस्तव

“बादली खाली ठेव,” डोलिना आत्या म्हणाली. “आणि त्या पाटीवर काय लिहिलंयस ते आधी वाचून दाखव.”

रीनाने पाटी उचलून धरली. रंग अजून ओलाच होता. “‘मॅकॉलेंच्या घरचा विस्तव. दीडशे वर्षांत एकदाही विझला नाही.’ छान झालीय ना? बारा वाजता गावच्या हॉलची नवी शेगडी ह्याच विस्तवावर पेटवायची. कॅनडाहून पाहुणे येऊन बसलेत, आत्या. बॅगपाइपवाला सकाळपासून फुंकून फुंकून लाल झालाय. चल, दे पटकन.”

आत्याने चिमटा हातात घेतला आणि पुन्हा ठेवून दिला. चुलीत राखेखाली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, विटा धुमसत होत्या. रानातून कापायच्या, उन्हावाऱ्यात वाळवायच्या, रोज रात्री राखेत पुरायच्या, सकाळी राख सारून फुंकर घालायची. रीना लहानपणापासून हेच पाहत आली होती. आज मात्र दहा वाजून गेले तरी आत्याने राख सारलीच नव्हती.

“काय झालं गं?” रीना शाळेत शिकवायची. प्रश्न विचारल्याशिवाय तिला राहवत नसे. “द्यायचं जिवावर आलंय का?”

“‘एकदाही’ खोड.”

“काय?”

“खोड म्हणते ना. एकदा विझलाय. माझ्या हातून.”

रीना स्टूल ओढून बसली. ह्याच विस्तवाच्या गोष्टी सांगून सांगून तिने शाळेतल्या पोरांना भंडावून सोडलं होतं.

“कधी? कसा?”

“सतरा वर्षांची होते. आई मावशीच्या बाळंतपणाला पलीकडच्या गावी गेलेली. जाताना बजावून गेली, विस्तव पुरल्याशिवाय झोपू नकोस. आणि मी बया गेले नाचायला! परत आले ती तशीच आडवी झाले. सकाळी बघते तर चूल गार.”

“मग घरात काडेपेटी नव्हती?”

“होती की, फळीवर. पण काडी ओढून पेटवलेला तो आपला विस्तव कसला? तशीच धावले शेजारी केनीनाकडे. तिची आजी लग्न होऊन तिथे आली तेव्हा तिने म्हणे आपल्याच चुलीतून निखारा नेला होता.”

रीनाचा जीव भांड्यात पडला. “अगं, मग तोच की हा! फिरून घरी आला. विझला नाहीच म्हणायचा.”

“मास्तरणीची हुशारी माझ्यापुढे नको. आपल्या चुलीत विझला तो विझला. आणि त्या दिवशी तारीख होती पहिली मे.”

मेच्या पहिल्या तारखेला ह्या बेटावर कोणी घरातला विस्तव बाहेर देत नसे. मागायला येणाऱ्याला दारातूनच हाकलत. विस्तवाबरोबर घरची बरकत जाते, म्हणत.

“तरी तिने दिला?”

“चकार शब्द न बोलता. डब्यात निखारे घातले, वर राख घातली. मी शालीखाली लपवून पळत घरी आले. आईलासुद्धा पत्ता लागला नाही. आणि त्याच साली, ऑगस्टात, केनीनाच्या भावाची होडी परत आली नाही. सहासष्ट वर्षं झाली. तिने कुणापाशी ब्र काढला नाही. आणि मी बसलेय कौतुक करून घेत. आज तर पाटीच लागणार!”

“तू तिला कधी विचारलं नाहीस?”

“काय विचारू? तुझा भाऊ माझ्यामुळे गेला का, असं?”

आत्या उठली. तिने भराभर राख सारली, लालबुंद निखारे चिमट्याने उचलून बादलीत घातले. रीना झाकण घेऊन पुढे झाली.

“झाकण नको,” आत्या म्हणाली.

बाहेर वारा सुटला होता. बादलीतून धूर निघत होता. हॉल डावीकडे, आत्या वळली उजवीकडे. पोस्टमनने गाडी हळू केली आणि काच खाली करून ओरडला, “बायांनो, हॉल तिकडे आहे!”

“माहीत आहे रे मला! तुझ्या जन्माआधीपासून इथे राहतेय,” आत्या म्हणाली आणि चालत राहिली. पाटी काखेत मारून रीना मागोमाग.

केनीना हॉलला निघायच्या तयारीत, चांगली हॅट घालून दारातच उभी होती. तिने बादलीकडे पाहिलं, मग आत्याकडे.

“हा तुझा आहे,” आत्या म्हणाली. “आज हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगणार आहे. आधी तुला सांगायला आले. त्या दिवशी मी मागायला आले नसते, तर तुझा भाऊ, तोरमोड...”

“बुडाला नसता? समुद्राला तारखा कळतात होय गं?” केनीना फटकन म्हणाली. “विस्तव दिल्याचं मला कधीच काही वाटलं नाही. त्यानंतर तू माझ्याकडे बघेनाशी झालीस, त्याचं वाटलं. नुसती रस्त्यात मान हलवायची आणि पुढे जायची. इतकी वर्षं!”

आत्या बादली धरून तशीच उभी राहिली. रस्त्यावर दोघंचौघं थांबून बघत होती, पोस्टमनची गाडीही हलली नव्हती. केनीनाने त्या सगळ्यांवरून नजर फिरवली.

“नेलास तेव्हा शालीखाली लपवून नेलास,” ती म्हणाली. “आणि आज बघा, साऱ्या गावादेखत!”

तिने दार ओढून घेतलं, हॅट सारखी केली आणि बादलीच्या कडीला दुसऱ्या बाजूने हात घातला.