पहिल्या नंबरचं शौचालय

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "गाठ नाही, काही नाही. आजींना निव्वळ बद्धकोष्ठ आहे."

बिभीषण सरपंचांचा चेहराच पडला. आईचं पोट टम्म फुगलं म्हणून मिरजगावजवळच्या वाडीवरून दोन जीपा भरून माणसं नगरला आली होती. चुलते सूर्यभान यांनी तर पाहुण्यांना 'तयारीत राहा' असे फोनही केले होते. आणि निघालं काय, तर हे! आता गावाला कुठल्या तोंडानं सांगायचं?

तीन दिवस सलाईन, दोनदा एनिमा, बिल अडतीस हजार. रोज चार तांबे पाणी आणि चमचाभर इसबगोल, एवढ्यात भागलं असतं, असं डॉक्टर वर म्हणाले. नर्सनं केशरबाईंना विचारलं, आजी, पाणी का पीत नाही?

"पानी पिलं की जावं लागतं, बाई. घरी संडास हाय, लई भारी हाय. पन कुलूप हाय."

कुलूप दसऱ्यापासून होतं. स्वच्छ शौचालय स्पर्धेत पहिला नंबर काढायचाच, असा सरपंचांनी विडा उचलला होता. छतापर्यंत पांढऱ्या फरश्या, बाहेर भिंतीवर 'लेकीसुनेची अब्रू घरात' अशी रंगीत अक्षरं. डाग पडू नये म्हणून किल्ली स्वतःच्या करगोट्याला. ते स्वतः मोटारसायकलवर पेट्रोलपंपावर जात. सून आरती अंगणवाडीत सेविका, ती तिथं उरकून घेई. केशरबाईंचे गुडघे गेलेले. शेत लांब, आणि पहाटे रानात कुणी बसलं की शिट्टी मारणारं पथक पोटच्या पोराचंच! मग म्हातारीनं सोपा उपाय काढला. अर्धी भाकरी, घोटभर चहा, पाणी बंद. घरातले म्हणाले, वय झालं, आता खाणं कमी व्हायचंच. मोठे शहाणे!

गुरुवारी डिस्चार्ज मिळाला. कळ आली की क्षणभर थांबायचं नाही, पुन्हा असं झालं तर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी आरतीला बजावून सांगितलं. सरपंच आणायला आले नव्हते. त्याच दिवशी स्पर्धेची समिती येणार होती.

मिरजगाव मागं पडलं आणि केशरबाईंना कळ आली. जीप दारात थांबली तेव्हा अंगणात मांडव, हारतुरे, निम्मं गाव. कुलूप नुकतंच निघालं होतं. समितीच्या मॅडम आत डोकावून हरखल्या होत्या. इतकं लख्ख, की कुणी वापरलंच नाही असं वाटतं, म्हणाल्या. सरपंच विनयानं हात जोडून उभे होते.

आईला खाली उतरताना पाहून ते धावत आले आणि कानाशी कुजबुजले, "आई, अर्धा तास दम धर."

केशरबाईंनी सुनेकडं पाहिलं. आरतीला सासूची लाज वाटली नाही, स्वतःची वाटली. इतके महिने तिनंही तोंड उघडलं नव्हतं. तिनं सासूचा दंड धरला, मांडवातून वाट काढत सरळ दारापर्यंत नेलं, पाण्यानं भरलेली बादली आत सरकवली. आतून कडी लागली.

मॅडमनी हातातल्या कागदावरून मान वर केली. आत कोण गेलं, त्यांनी विचारलं.

"लाभार्थी," आरती म्हणाली.