जगदेवची अखेरची उडी

"हा मीच," तंबूच्या दाराशी लावलेल्या रंगीत फलकाकडे बोट दाखवून तो माणूस म्हणाला. "मी मेलो नाही."

बाजाराचा दिवस होता. मंगरूळपीरच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळपासून बैलगाड्या येत होत्या. बघता बघता पन्नासेक माणसं गोळा झाली. फलकावर पुरात झेप घेणारा एक दाढीवाला तरुण होता, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्या जगदेवची अखेरची उडी'.

टुरिंग टॉकीजचे मालक शालिग्राम बाहेर आले. त्यांनी त्या माणसाला न्याहाळलं. तेच नाक, तेच रुंद कपाळ.

हा बोलपट पहिल्यांदा लागला तेव्हा तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. मग वर्तमानपत्रात छापून आलं, की चित्रीकरणात पुरात उडी घेतलेला जगदेव वर आलाच नाही, त्याचं प्रेतही सापडलं नाही, आणि कंपनीनं तेच दृश्य बोलपटात ठेवलं आहे. तेव्हापासून गावोगावी झुंबड उडाली. मंगरूळपासून जगदेवचं गाव तर दोन कोसांवर. इथं तीन आठवडे तंबू भरत होता. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून लोक पायी येत. उडी झाली की "पुन्हा, पुन्हा" असा ओरडा होई, आणि ऑपरेटर रीळ मागं घेऊन जगदेवला परत बुडवी.

पहिल्याच आठवड्यात शालिग्राम स्वतः गाडी पाठवून जगदेवच्या आईला, तुळसाबाईला, घेऊन आले होते. तिला पुढं खुर्चीवर बसवलं. त्या दिवशी उडी चार वेळा दाखवावी लागली. बाईची पापणी हलली नाही. शेवटी "झालं?" एवढंच विचारून ती उठली.

"बाई दगडाची आहे," शालिग्राम ऑपरेटरला म्हणाले होते.

आता त्यांनी आवाज चढवला. "घरून कवा गेला तू?"

"चौदा वर्षांचा होतो. बारा वर्षं झाली."

"हे पेपरात आलं आहे. बापाचं नाव?"

"जानराव."

"तेही छापलं होतं. तुमच्या घरामागं काय हाये, ते सांग."

माणूस कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "पाण्यात डोक्याला दगड लागला. पुष्कळ गोष्टी आठवत नाहीत."

"बोली तं इकडची नाही याची," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"बारा वर्षं बाहेरच्या मुलखात काढली मी."

"मेलेल्या पोराच्या नावावर मोठा होऊन राह्यला," एक म्हातारा म्हणाला. तंबूत रोज रडणाऱ्यांपैकीच तो होता. त्यानं खाली वाकून दगड उचलला. दुसऱ्यानं उचलला. तेवढ्यात जमादार आला, म्हणून ते हातातच राहिले.

"मायले बोलवा त्याच्या," शालिग्राम म्हणाले. "ते सांगन."

माणसाला निंबाखाली बसवलं, हात त्याच्याच फेट्यानं बांधले. त्यानं पाणी मागितलं. कोणी दिलं नाही. "खोटा निघाला तं जेलात जाशीन," जमादार म्हणाला. मग गर्दीकडे बघून हळूच म्हणाला, "तिथवर पोचला तं."

दुपारी गाडी आली. डोईवर पदर घेतलेल्या दोन बाया उतरल्या, तुळसाबाई आणि तिची जाऊ चतुराबाई. माणूस उठून उभा राहिला. एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. चतुराबाईनं काही बोलायला तोंड उघडलं, पण तुळसाबाईनं तिचं मनगट दाबलं आणि ती एकटीच पुढं गेली.

"माय, घाई नका करू," शालिग्राम म्हणाले. "नीट पाहा."

तिनं आधी त्या फलकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माणसाच्या तोंडावरून हात फिरवला.

"किती वाळला रे," ती म्हणाली. आणि जमादाराकडे वळली. "माहा जगदेव हाये. सोडा त्याले."

"पक्कं?"

"जल्म म्या देल्ला त्याले. तुमी कायले पुसता?"

हात सुटताच माणूस तिच्या पायांवर कोसळला. ज्यांच्या हातात दगड होते, त्यांनीच त्याला खांद्यावर घेऊन गाडीत बसवलं.

त्या संध्याकाळी तंबू भरला. पण जगदेवनं उडी घेतली तेव्हा मागून कोणीतरी हसत म्हणालं, "काही होत नाही, निंगते तो वर." पुन्हा दाखवा, असं कोणी म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी वीस माणसं आली. तिसऱ्या दिवशी पाच. बातमी कारंजा, वाशीमपर्यंत गेली, आणि अकोल्याहून वितरकाची तार आली, की बोलपट परत पाठवा, आता कोणीच लावायला तयार नाही.

पाचव्या दिवशी शालिग्रामांनी तंबू गुंडाळला.

गाड्या तुळसाबाईच्या दारावरूनच गेल्या. ती अंगणात उभी होती. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या लादलेली शेवटची गाडी नाल्याच्या वळणाआड गेली आणि धूळ खाली बसली, तोवर ती तिथंच उभी राहिली. मग आत आली.

माणूस जेवत होता. पाच दिवस तिनं त्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता. कोणाला भेटूही दिलं नव्हतं. गाव म्हणे, माय पोराला नजरेआड होऊ देत नाही.

तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली आणि समोर बसली.

"पोटभर जेव," ती म्हणाली. "आन् आता सांग बाप्पा, तुहं नाव काय हाये?"