सत्काराची शाल

पवनीच्या बंगल्यात रूपा माजी आमदार यादोरावसाहेबांचे खासगी कागद गौरवग्रंथासाठी लावत होती. त्यात सत्काराचे फोटो निघाले. दंडार या लोकनाट्यात नाचणारा प्रत्येक कलावंत वेगळा, खांद्यावरची जांभळी शाल मात्र तीच. तिचा बापही त्यात होता. त्या दिवशी तो नुसता नारळ घेऊन घरी आला आणि मरेपर्यंत पुन्हा दंडारीत नाचला नाही.

"माह्या बाबाच्या खांद्यावरची शाल काहून काढून घेतली जी?" ती तणतणली.

"कलावंत ढीगभर, शाल एकच. काय करू बाई?" आतल्या खोलीतून साहेब हसले.

तिने रागाने बापाचा तोच फोटो पुन्हा पाहिला. आता त्यात बापाचे खांदे रिकामे होते. शाल साहेबांच्या गळ्याभोवती होती, आणि तिची दोन्ही टोकं बापाच्या मुठीत.

आतलं हसणं मध्येच अडकलं. मग एक घुसमटलेली हाक आली.

रूपा जागची हलली नाही.

"ओढा, बाबा," ती म्हणाली.