मेजरचा एकच आजार

"माझा चष्मा घे आणि वाच," ग्लेनिसने नाकावरचा चष्मा काढून शेजारणीपुढे सरकवला. "पान सात. पॉलिसीच्या आधीपासूनचं दुखणं चालत नाही. तुझ्या मांजरीचा दात आधीच किडलेला होता. मग पैसे द्यायला कंपनी काय तुझी मावशी लागते?"

डोरीनने चष्मा लावला नाही. तिचं बिस्किट तुटून चहात पडलं होतं, ते ती चमच्याने काढत बसली.

स्किप्टनच्या त्या गल्लीत बारीक अक्षरं वाचावीत ती ग्लेनिसनेच. गॅसचं बिल असो की काउन्सिलची नोटीस, लोक कागद घेऊन तिच्याकडे यायचे आणि चार शब्द ऐकून, थोडे शहाणे होऊन परत जायचे. तिचा नवरा नॉर्मन गेली चाळीस वर्षं तिचे हेच चार शब्द ऐकत आला होता. शहाणा किती झाला ते विचारू नका.

पण आता टेबलावर जो कागद होता, तो खुद्द तिच्या घरचा होता. मेजरचा.

मेजर म्हणजे त्यांचा बॅसेट कुत्रा. कान जमिनीला टेकतात आणि पाय द्यायचे राहूनच गेले असावेत असं वाटतं. शेकोटीवरच्या फळीवर त्याचा फोटो होता. घरी आला तो पहिला दिवस, नाताळच्या झाडाखाली बसलेलं पिल्लू, डोक्यावर कागदी टोपी आणि मागचा पाय कानात. येणारा-जाणारा तो बघून हसायचा. पुढे ईस्टरला त्याने डोरीनच्या नातीचं चॉकलेटचं अंडं चांदीच्या कागदासकट गिळलं, तेव्हा नॉर्मनने घाबरून दुसऱ्याच दिवशी त्याचा विमा उतरवला. मेजरला काही झालं नाही. विमा मात्र राहिला.

यंदा तो कामी आला. आधी मेजरचा कान सुजला, मग पंजे, मग पोट, मग डोळे. दरवेळी डॉक्टरचं बिल दीडशे पौंड, आणि कंपनीकडून हातात पडायचे पन्नास. पहिले शंभर आपले, वरचे कंपनीचे. एक्सेस म्हणतात त्याला, आणि तो दर आजाराला नव्याने कापतात. चार आजारांत चारशे पौंड गेले.

त्या चारशेतच व्हिटबीची सहल बुडाली. लग्नानंतर दोघं जिथे आठवडाभर राहिली होती, ते समुद्रावरचं छोटं घर नेमकं त्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला रिकामं होतं. कुत्रा चालेल, म्हणाले होते. भाडं तीनशे पौंड. मालकीण शुक्रवारपर्यंत थांबणार होती. नॉर्मनने गळाच्या काठीला तेलपाणी करून ठेवलं होतं आणि रोज तो ती काठी नुसतीच बघून यायचा. ग्लेनिसला ते दिसायचं. तसं ती बोलून दाखवणारी नव्हती.

"चार आजार कुठले आलेत?" ती डोरीनला म्हणाली. "खाज ती एकच. कानात तीच, पंजात तीच. आजार एक तर एक्सेस एक. तीनशे पौंड परत."

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून तसं लिहूनही दिलं. मूळ एकच, ॲलर्जी.

कंपनीतला कॅलम नावाचा मुलगा फोनवर फार गोड बोलायचा. "चिठ्ठी मिळाली, मॅडम. पण आमच्याकडे चार वेगवेगळे महिने दिसतात. हा आजार आधीपासून सलग चालत आलाय, असं दाखवता येईल का काही?"

"बाळा, तू सांग फक्त. हवा तेवढा पुरावा देते."

त्या संध्याकाळी तिने तीन पानं लिहिली. मेजर कधी, कुठे, किती वेळ खाजवतो ते सगळं. सोबत फळीवरचा फोटो जोडला.

"एवढं कशाला?" नॉर्मन म्हणाला. "डॉक्टरांची चिठ्ठी आहे की."

"तू तुझा गळ बघ."

गुरुवारी चार वाजता कॅलमचा फोन यायचा होता. ग्लेनिसने डोरीनला मुद्दाम चहाला बोलावलं, फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला आणि स्कोन्सवर जॅम नेहमीपेक्षा जाड लावला.

"मॅडम, साहेबांनी तुमचं म्हणणं पूर्ण मान्य केलंय," कॅलम म्हणाला. "चारही तक्रारी मिळून एकच आजार."

"आणि एक्सेस?"

"एका आजाराला एकच, मॅडम. नियमच आहे तो."

ग्लेनिसने डोरीनकडे असं पाहिलं की डोरीनने हातातला स्कोन खाली ठेवला. नॉर्मन तर केव्हाच उठून बाहेरच्या खोलीत गेला होता. तिथून त्याचा आवाज ऐकू आला, "हो, पूर्ण आठवडा. आम्ही दोघं आणि कुत्रा. भाडं आत्ताच भरतो."

"सगळं तुमच्या फोटोमुळे झालं," कॅलम सांगत होता. "इतका स्वच्छ पुरावा कुणी पाठवत नाही. पिल्लू घरी आलं त्याच दिवशी कान खाजवतंय. साहेबांनी सगळ्या ऑफिसला दाखवला."

"आहेच तो गोड."

"फक्त एवढंच आहे, मॅडम, की फोटो नाताळचा आहे आणि तुमची पॉलिसी त्यानंतरच्या ईस्टरला सुरू झाली. तेव्हा आधी पाठवलेले दोनशे पौंड तेवढे परत करायचे. पत्ता मी पत्रात देतोच."

टेबलाखाली मेजर कान खाजवत होता. डोरीनने ग्लेनिसचा चष्मा उचलला, आपल्या स्वेटरला नीट पुसला आणि हळूच तिच्यापुढे सरकवला.

"पान सात," ती म्हणाली.