हरकत असल्यास

“तक्रारीला वारस नसतो, ताई,” ग्रामसेवक भुजंग म्हणाला आणि त्यानं शिक्का शाईच्या पॅडवर दाबला.

शिक्क्यावर अक्षरं होती : अर्जदार मयत. प्रकरण बंद.

टेबलावर लिंबाजीनानांच्या एकेचाळीस तक्रारी पडल्या होत्या. नानांना जाऊन पंधरवडा झाला होता. त्यांची मुलगी दैवशाला मृत्यूचा दाखला न्यायला आली होती, आणि तो तिला पाच मिनिटांत मिळाला होता. या ग्रामपंचायतीत आजवर कुणाला काही पाच मिनिटांत मिळालं नव्हतं. वर भुजंगनं चहा मागवला होता. चहाचं कारण तिला आत्ता कळलं. एका दाखल्यात एकेचाळीस प्रकरणं निकाली निघत होती.

तिनं वरचा कागद उचलला. तुंबलेल्या नालीची तक्रार होती. रेघांचा ताव, नानांचं टपोरं अक्षर. असे ताव दर दिवाळीला माहेरी येताना मानवतहून तीच आणायची. “धोतर नको, ताव आण,” नाना म्हणायचे. एक प्रत ते कचेरीत द्यायचे, एक चावडीच्या भिंतीला चिकटवायचे, एक घरी ठेवायचे. तिनं त्यातली एकही कधी वाचली नव्हती. अर्जाची रीत म्हणून नाना शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहायचे. मग ‘विश्वासू’वर काट मारून पुढं लिहायचे, ‘शेजारी’. एकेचाळीस ठिकाणी तशी काट होती.

“सातबाऱ्यावर बाप गेला की लेकीचं नाव लागतं,” ती म्हणाली. “तसं यावर लावा.”

“ते जमिनीचं. जमीन मागं राहते, ताई.”

“नालीबी राहिलीच हाय की.”

भुजंगचा शिक्का हवेतच थांबला. आतल्या खोलीतून सरपंच योगीराज हसत बाहेर आला.

“लावा नोटीस, भाऊसाहेब. रीतसर. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.” मग तो तिच्याकडं वळला. “वाईट वाटून घेऊ नका ताई, पर नानानं नावं ठेवली न्हाईत असं एक घर दाखवा गावात. मला तर ठेवलीच. आसारामच्या म्हशीला सोडलं न्हाई, मंदिराच्या भोंग्याला सोडलं न्हाई. मातीला किती माणूस आलं व्हतं, बघितलं ना तुमी?”

तिनं बघितलं होतं. चौथा खांदा शोधावा लागला होता.

नोटीस लागली. लोक वाचून हसले. नोंद अडवायला एक हरकत पुरली असती, पण सरपंचाला अख्खं गाव पाहिजे होतं. त्यानं पालमहून तीनशे अर्ज छापून आणले. ‘माझी या वारसनोंदीस हरकत आहे, कारण’, पुढं दोन रेघा मोकळ्या, खाली ‘आपला विश्वासू’. सोबत एकेक पेन. पेनावर सरपंचाचा फोटो. पहिला अर्ज त्यानं स्वतःच्या आईच्या, चांगुणाबाईंच्या हातात दिला आणि मग घरोघर फिरला.

दैवशाला कुणाच्या दारात गेली नाही. ती ओसरीवर बसून नानांच्या नकला वाचत राहिली. एकोणिसावी तक्रार आसारामच्या म्हशीविरुद्ध होती. अठ्ठाविसावी नानांनी स्वतःविरुद्ध केली होती : मी घरचे सांडपाणी रस्त्यावर सोडले आहे, तरी मला नोटीस द्यावी. तिच्यावरही काही कारवाई झाली नव्हती. ती वाचून दैवशाला तेराव्यानंतर पहिल्यांदा हसली. मग बराच वेळ तिला पुढचं अक्षर दिसेना.

पंधराव्या दिवशी कचेरीतली हरकतींची पेटी फुटेस्तोवर भरली. सरपंचानं गावाला ग्रामपंचायतीच्या अंगणात बोलावलं. दैवशालाला पुढं खुर्ची दिली.

“वाचा, भाऊसाहेब. मोठ्यानं वाचा.”

भुजंगनं घसा साफ केला. “माझी या वारसनोंदीस हरकत आहे, कारण एकोणिसावी तक्रार माझ्या म्हशीची हाय. म्हैस माझी आन् वारस ताई कशा? माझं नाव लावा. आपला शेजारी, आसाराम.”

“येडं हाय ते,” सरपंच म्हणाला. “शेजारी कुठून आलं? मी विश्वासू छापलं व्हतं.”

“खोडलंय, साहेब.”

“फुडचं वाचा.”

“हरकत आहे, कारण सातवी तक्रार नळाची. नळ माझ्या दारात कोरडा हाय, ताईच्या न्हाई. माझं नाव लावा. आपली शेजारीण, बायनाबाई.”

“फुडचं!”

“हरकत आहे, कारण सगळ्या तक्रारी एकटीलाच का? आपला शेजारी, सिद्धोधन.”

अंगणात कुणीच हसत नव्हतं. जो तो आपला अर्ज कधी येतो याची वाट बघत होता. दैवशालानं पदर तोंडाशी धरला. चावडीच्या भिंतीवरचे ताव तिनं वाचले नव्हते. गावानं वाचले होते.

भुजंगचा आवाज बारीक होत गेला. शेवटी सरपंचानं गठ्ठाच ओढून घेतला आणि तळातला अर्ज उपसला. त्यावर सही नव्हती. अंगठा होता. कारणाच्या रेघांवर कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं : नालीचं पाणी माझ्याबी दारात येतंय. सांगून सांगून थकले. ऐकायलाच तयार न्हाई.

“हा अंगठा कुणाचा हाय?” सरपंच ओरडला.

भुजंग खाली बघायला लागला. दैवशाला उठली, जवळ गेली आणि अंगठ्याच्या वरची ओळ तिनं हळू आवाजात वाचून दाखवली. तिथं ‘आपला विश्वासू’ हे दोन्ही शब्द खोडून लिहिलं होतं : तुझी माय.