हसरा सूर्य

"दादा, गाडी घेतली! सेकंडहँड, पण चकाचक. तुझ्याकडेच निघालोय!" बहिणीचा फोन खांद्यानं कानाशी धरून मेकॅनिक विमा कंपनीच्या सर्व्हेअरपुढे आणखी एक फुगवलेलं बिल सरकवत होता. "आधी मला दाखवायचीस ना गं." "तू खोटच काढली असतीस! स्टिअरिंगवर हसऱ्या सूर्याचं स्टिकर आहे. तुझी भाची बाबाच्या मांडीवर बसून त्यावर थापा मारतेय, सारखा हॉर्न!" ते स्टिकर मेकॅनिकनंच लावलं होतं, आधीच्या अपघातात फाटलेलं एअरबॅगचं झाकण लपवायला. नव्या एअरबॅगचे पैसे विम्यातून उकळले होते. झाकणाआड कोंबला होता चिंध्यांचा बोळा. बोलावं, तर सर्व्हेअर समोर बसलेला. "दाजींना म्हणावं, सावकाश..." "हायवेवर कसलं सावकाश!" "थांबवा गाडी! एअरबॅग नाहीये त्यात!" तो किंचाळला. सर्व्हेअरचं पेन थांबलं. पलीकडून एकच हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला.